घराची तरतूद कोण करतं?



नवरा हा बायकोचं मस्तक, तिने त्याच्या अधीन राहावं, ही ख्रिस्ती लग्नातली शिकवण पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातून येते. त्याच पत्रात नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला वाहून घ्यावं असंही आहे. त्यावर मात्र फारसं बोललं जात नाही. जो घरच्यांची तरतूद करत नाही तो अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट, हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं वचन. ते पुरुषापुरतंच आहे असं आपण धरून चालतो. पण तो अध्याय विधवांच्या सांभाळाचा आहे आणि पुढे हीच जबाबदारी बाईवरही टाकलेली आहे.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक घर पाहा. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधली काही वर्षं त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. पुढचा संसार त्यांच्याच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. आज हातात आलेला उद्या दुसऱ्याच्या गरजेला जाई, आणि अनाथ पोरं घरी येत ती वेगळीच. त्या सगळ्यांच्या पानात काय वाढायचं, हा घोर लक्ष्मीबाईंना. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, 1919 साली ते वारले. मग या बाईने मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही 64 अध्याय लिहून त्यांनीच पुरं केलं. टिळक थोर कवी आणि मनाचे उदार, यात शंका नाही. पण त्या औदार्याचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला, आणि मस्तकपण तेवढं टिळकांकडे राहिलं. मला हा अन्याय वाटतो.

कायदा काय सांगतो? ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे मुलंबाळं असली, तर 1925 च्या उत्तराधिकार कायद्याने विधवेला एक तृतीयांश मिळतं. उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी. चांगलंच आहे. पण हे सगळं तो गेल्यावर. त्याच्या हयातीत तिचं काय?

हा प्रश्न काही ख्रिस्ती घरांपुरता नाही. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून कोण असतं? पहाटे उठून गोठा कोण झाडतं, धार कोण काढतं? आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं असतं? बायबलातल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात ज्या गृहिणीचं कौतुक आहे, ती शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. परंपरा सांगायची, तर तिच्यासकट सांगा.

सरकारची 1992 पासूनची 'लक्ष्मी मुक्ती' योजना आहे. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागतं. इथे बसलेल्या पुरुषांना माझं एवढंच सांगणं आहे: या आठवड्यात तलाठ्याकडे जा आणि तो अर्ज द्या.