भिंगारच्या वाटेवर, मनात धीर

संध्याकाळी नगरहून भिंगारला परतणारी मुलगी रिक्षातून उतरते. पुढे छावणीच्या झाडांखालचा शांत रस्ता. मागून एक मोटारसायकल हळूहळू येतेय, असं तिला जाणवतं. अशा वेळी काय करावं?

मनातली शंका खरी माना. सरळ घर न गाठता उजेडातल्या किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये शिरा, मोठ्यानं बोला आणि ११२ हा क्रमांक फिरवा. आधी ठिकाण सांगा: रस्ता, जवळची खूण, मग काय घडतंय ते. गाडीचा नंबर दिसला तर तोही सांगा.

लक्षात ठेवा, स्त्रीनं नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटना कुठेही घडो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. भिंगारकरांसाठी भिंगार कॅम्प पोलीस ठाणे जवळच आहे.

आणि घरच्यांनो, ती घाबरून घरी आली, तर "एवढ्या उशिरा कशाला गेलीस?" असं विचारू नका. तिचं ऐका, तिच्यासोबत ठाण्यात जा. चूक पाठलाग करणाऱ्याची असते, तिची नव्हे.