चौथ्या उड्डाणानंतरचं कंत्राट

प्रशांत महासागरातल्या ओमेलेक या चिमुकल्या बेटावरून स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन-१ रॉकेट तीनदा उडालं आणि तीनही वेळा कक्षेपर्यंत पोहोचलंच नाही. कंपनीची तिजोरी रिकामी होत आली होती. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथं उड्डाण साधलं. त्याच वर्षी डिसेंबरात नासानं कंपनीला अवकाश स्थानकावर सामान नेण्याच्या १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. खासगी म्हणवणारी ही झेप तगली ती सरकारी मागणीवर, हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय रक्कम आधीच ठरलेली. खर्च वाढला तर भुर्दंड कंपनीला. अशा व्यवहारात काटकसरीला किंमत येते. रॉकेटचा भाग फेकून न देता परत आणणं हीही काटकसरच: डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्याच फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उपग्रह धाडून परतला आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उभाच्या उभा उतरला.