माणिकपूर ते सोपारें : लूनेवरील एक फेरी

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडील जिन्यावरून खालीं उतरणाऱ्या प्रवाशाला समुद्र दिसत नाहीं, किल्ला दिसत नाहीं आणि खरें म्हटलें तर वसईहि दिसत नाहीं. त्याला दिसतें तें माणिकपूर : रिक्षांची रांग, एकमेकींवर चढलेल्या दुकानांच्या पाट्या, उंच इमारती आणि मुंबईच्या गाडीसाठीं धांवणारीं माणसें. पुष्कळ पाहुणे एवढेंच पाहून परत जातात आणि वसई पाहिली, असें समाधान मानतात.

या गैरसमजाचें कारण स्थानकाच्या नांवांतच आहे. ज्या स्थानकाच्या नांवापुढें 'रोड' हा शब्द असतो, तें बहुधा त्या गांवांत नसतें. गांवाकडे जाणाऱ्या वाटेवर असतें. १८६४ सालीं लोहमार्ग गुजरातेंतून मुंबईपर्यंत येऊन पोंचला, तेव्हां त्यानें जुन्या वसईला बाजूस ठेवलें. गांव आणि किल्ला नैर्ऋत्येस सहा-सात किलोमीटरांवर, खाडीच्या मुखाशीं राहिले आणि स्थानकाच्या अंगाखालीं माणिकपूर व नवघर हीं गांवें वाढत गेलीं. पुढें नवघर-माणिकपूर ही नगरपालिका झाली. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोंवतालचीं कांहीं गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वांत आली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा प्रदेश पालघर जिल्ह्यांत मोडतो. तात्पर्य, शहर एक झालें. परंतु त्याच्या पोटांत अनेक गांवें अजून वेगवेगळीं नांदत आहेत. तीं पाहावयाचीं कशीं, हा खरा प्रश्न आहे.

मोटारींतून जावें, तर मोटार मुख्य रस्ता सोडीत नाहीं. आणि वसईचें वैभव तर मुख्य रस्त्यावर नाहींच. पायीं जावें, तर दिवस पुरत नाहीं व ऊन सोसत नाहीं. या दोहोंच्या मधलें एक वाहन आहे. सायकलीपेक्षां किंचित् वेगवान, मोटारसायकलीपेक्षां पुष्कळ गरीब, आणि आतां जवळजवळ विस्मृतींत गेलेलें. तें म्हणजे मोपेड. 'मोटर' आणि 'पेडल' या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांपासून १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्यें हा शब्द तयार झाला. महाराष्ट्रांत मात्र मोपेड या जातिवाचक नांवापेक्षां 'लूना' हें विशेषनामच घरोघर रुळलें. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें १९७२ सालीं इटलींतील पियाज्जो कंपनीच्या 'च्याओ' गाडीच्या धर्तीवर ही पन्नास घनसेंटिमीटरांची गाडी काढली. शाळामास्तर, टपालवाले, दूधवाले, कारकून अशा ज्यांना स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें थांबणें परवडणारें नव्हतें, त्यांना लूनेनें चाकें दिलीं. नव्या शतकाच्या आरंभीं ती बाजारांतून गेली. २०२४ सालीं तिच्याच नांवाची विजेवर चालणारी गाडी आली खरी. परंतु जुन्या लूनेचा तो विशिष्ट आवाज तींत नाहीं.

अशा चार-पांच जुन्या लूना दुरुस्त करून, एका जाणत्या वाटाड्याच्या मागून माणिकपूरहून निघावें आणि संध्याकाळीं परत यावें, यापरतें वसईदर्शन दुसरें नाहीं. मात्र त्याची सिद्धता नीट करावी लागते. जुन्या वाहनाची हौस स्वस्त वाटली, तरी बेफिकिरीला तिथें थारा नाहीं. खासगी दुचाकीच्या नोंदणीस पंधरा वर्षें झालीं कीं तपासणी करून ती नूतन करून घ्यावी लागते आणि पुढें दर पांच वर्षांनीं तोच विधि करावा लागतो. गाडी भाड्यानें द्यावयाची, तर त्याचे नियम निराळे. शिरस्त्राण दोघांनींहि घातलेंच पाहिजे. इंजिन दोन धांवांचें असल्यामुळें पेट्रोलमध्यें बेताचें तेल मिसळावें लागतें. तें कमी पडलें तर दट्ट्या अडकतो. अधिक झालें तर प्लगवर काजळी धरते व धूर सुटतो. गियर नाहींत, पायानें दाबावयाचा क्लच नाहीं. स्टँडवर चढवून पायटे मारले कीं इंजिन जागें होतें आणि मूठ पिळली कीं गाडी चालूं लागते. चढावर तिचा दम तुटूं लागला, तर स्वारानें पुन्हां पायटे मारून तिला हात, नव्हे पाय द्यावा, अशी तिची अपेक्षा असते. पुढें वाटाड्या आणि सर्वांत मागें पाना व जादा प्लग खिशांत बाळगणारा एक माहितगार, अशी रांग ठेवली म्हणजे वाटेंत कोणी एकटा पडत नाहीं.

प्रभातकाळीं माणिकपुरांतील सेंट मायकल चर्चपाशीं पहिला थांबा घ्यावा. सतराव्या शतकाच्या आरंभीं स्थापन झालेलें हें मंदिर आतां इमारतींनीं वेढलें आहे. परंतु येथें गांव होतें, शेतें होतीं आणि त्यांना एकत्र बोलावणारी घंटा होती, याची तें अजून साक्ष देतें. येथून पापडीच्या दिशेनें निघालें कीं दहा मिनिटांत हवेचा वास बदलतो. दोहों बाजूंस नारळी, केळी, पानवेली आणि फुलांचे ताटवे लागतात. वळणावळणावर पांढरा क्रूस उभा असतो आणि पुढच्याच वळणावर एखादें देऊळ. पापडीचें आवर लेडी ऑफ ग्रेस हें चर्च सोळाव्या शतकांतलें. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हां त्यास प्रमुख मंदिराचा मान मिळाला. येथील प्रार्थना मराठींत चालते. घराघरांतून सामवेदी ख्रिस्ती लोकांची कादोडी बोली ऐकूं येते, आणि लाल लुगडें नेसलेली एखादी आजी ओट्यावर भाजी निवडतांना दिसते. लूनेचा वेग वीस-पंचवीस किलोमीटरांचा असतो, म्हणूनच हें सारें कानांवर व डोळ्यांवर पडतें.

वसई गांव ओलांडून किल्ल्याच्या दरवाजाशीं पोंचल्यावर मात्र गाड्या बाहेरच ठेवाव्या व आंत पायीं फिरावें. किल्ला संरक्षित वास्तु आहे म्हणून तर हें योग्यच. परंतु त्याहूनहि मोठें कारण असें कीं, थडग्यांच्या शिळांवरून इंजिन वाजवीत जाणें कोणत्याहि धर्माच्या माणसास शोभत नाहीं. गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें डिसेंबर १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस तोडून दिली. पुढें सुमारें दोनशें वर्षें हें शहर त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी होतें. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेसुइट या पंथांच्या मंदिरांच्या भिंती, कमानी व ओसाड मठ आजहि उभे आहेत. फरशींत बसविलेल्या शिळांवर मृतांचीं नांवें व चिन्हें कोरलेलीं आहेत. वसईंतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन धर्मबंधु ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें क्रूसावर मारला गेला. १८६२ सालीं त्यास संतपद मिळालें. भारतांत जन्मलेला तो पहिला संत होय.

येथेंच वाटाड्याची खरी कसोटी लागते. एक वाटाड्या केवळ चिमाजी अप्पांचा पराक्रम सांगेल. दुसरा केवळ पोर्तुगीजांच्या राजधानीचें ऐश्वर्य वर्णील. दोघेहि अर्धेंच सांगतील. पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं गेलीं व धर्मांतरें झालीं, हें लपवूं नये. १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं वेढा आवळला, सेबॅस्तियन बुरुजाखालीं सुरुंग उडविले, उभय पक्षांकडील असंख्य माणसें कामास आलीं आणि मे महिन्यांत किल्ला पडला, हें अभिमानानें सांगावें. परंतु त्याच वेळीं हेंहि सांगावें कीं, शरण आलेल्या सैन्याला शस्त्रांसह व मानानें बाहेर पडूं दिलें गेलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथल्या मातींत राबणारी ख्रिस्ती वस्ती किल्ला पडला तरी येथेंच राहिली. ती परक्यांची वस्ती नव्हती. याच मातींतली होती.

या इतिहासाचा सर्वांत बोलका अवशेष मात्र वसईंत नाहीं. चर्चच्या घंटा विजयचिन्हें म्हणून महाराष्ट्रांत गेल्या. नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळांत १७२१ सालची अशी घंटा आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला मराठींत 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, तें तिच्यावरूनच. भीमाशंकर येथेंहि अशीच एक घंटा टांगलेली आहे. ज्या मनोऱ्यावरून त्या एके काळीं वाजल्या, तो रिकामा मनोरा पाहतांना प्रवाशानें घटकाभर स्तब्ध राहावें. धातु तोच, नाद तोच. फक्त हांक मारणारा व हांक ऐकणारा बदलला. विजय आणि वियोग एकाच घंटेंत सांठविलेले असूं शकतात, ही गोष्ट पुस्तकापेक्षां त्या ओसाड मनोऱ्याखालीं अधिक लवकर कळते. याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य गमावलें. जेथें शौर्यानें मिळविलें, तेथेंच सही करून दिलें. इतका कठोर योगायोग क्वचितच आढळेल.

किल्ल्याबाहेर कोळ्यांच्या वस्तींत, पाचूबंदराकडे, वाळत घातलेल्या मासळीच्या वासांत दुपार होते. तेथून उत्तरेस गिरीज, भुईगांव, निर्मळ अशी वाट धरावी. हाच वसईचा हिरवा पट्टा. येथें वाटेच्या कडेला स्थिर, हिरवट पाण्याचीं डबकीं दिसतात. पाहुण्याला तीं निरुपयोगी वाटतात. वस्तुतः तीं बावखलें होत. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, विहिरी गोड ठेवतें आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला अडवून धरतें. केळीच्या बागा त्यांच्या जिवावर उभ्या राहिल्या. राजेळी केळें उन्हांत सुकवून, पातींत बांधून केलेली आगाशी-वसईकडची सुकेळी हें या पाण्याचेंच गोड फळ आहे. बावखल बुजविलें कीं तेथें इमारतीचा पाया घालतां येतो. परंतु शेजारच्या दहा विहिरींचें पाणी मचूळ होतें, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

हा हिशेब मांडणारीं माणसें वसईंत निघालीं, हें तिचें भाग्य. १९८० नंतरच्या दशकांत टँकर विहिरींचें पाणी उपसून नेऊं लागले आणि हरित पट्टा बांधकामास मोकळा होऊं लागला, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें लोकांस जागें केलें. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले हे धर्मगुरु २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते निवर्तले. बावखलाच्या कांठीं गाडी थांबवून ही हकीकत सांगणें, हें किल्ल्याची हकीकत सांगण्याइतकेंच वाटाड्याचें कर्तव्य आहे. तो वेढा उठून पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. हा वेढा अजून उठलेला नाहीं.

आणि येथें लूनास्वारानें स्वतःकडेहि पाहावें. त्याची गाडी धूर सोडते. हिरव्या वाडीचें कौतुक करीत तिच्यावर धूर सोडणें विसंगत आहे. यास्तव गाड्या थोड्या असाव्या, त्यांचें तेल मोजलेलें असावें, थांब्यावर इंजिन बंद असावें आणि लोकांच्या अंगणांतून जाणाऱ्या वाटा टाळाव्या. कालांतरानें विजेची गाडी घेतली, तर आवाजाची गंमत जाईल, परंतु पांखरांचा आवाज परत येईल.

भुईगांवास १९५६ सालीं अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. आठव्याचा तुकडा सोपाऱ्यास पूर्वींच मिळाला होता. निर्मळच्या तळ्याकांठीं शंकराचार्यांची समाधि मानली जाते. पोर्तुगीज अमलांत उद्ध्वस्त झालेलें तेथील देवस्थान मराठी अमलांत पुन्हां उभें राहिलें. कार्तिक वद्य एकादशीला तेथें यात्रा भरते. शेवटचा टप्पा सोपाऱ्याचा. 'बुरूड राजाचा कोट' म्हणून लोक ज्या उंचवट्याला ओळखीत, तेथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उत्खनन केलें आणि बौद्ध स्तूप उजेडांत आला. आंतील करंडक व बुद्धमूर्ति आतां मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहेत. शूर्पारक हें प्राचीन बंदर; तेथें उभें राहून पाहतां वसईचा किल्लाहि कालपरवांचा वाटूं लागतो.

दिवस मावळतांना लूनांची रांग माणिकपुरास परत येते. स्थानकावर तीच गर्दी, त्याच पाट्या, तोच गोंगाट. परंतु सकाळीं ज्याला येथें केवळ इमारती दिसल्या होत्या, त्याला आतां त्यांच्या पायाखालचीं शेतें दिसतात, बुजलेलीं बावखलें दिसतात आणि सेंट मायकलच्या घंटेचा नाद त्या गोंगाटांतूनहि ओळखूं येतो. जुनें वाहन दुरुस्त करून चालतें ठेवतां येतें. त्याचे सुटे भाग कोठें ना कोठें मिळतात. गोड्या पाण्याचें बावखल मात्र एकदां बुजलें कीं त्याचा सुटा भाग कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. एवढें समजून प्रवासी गाडींत चढला, तर दिवसभराचें पेट्रोल वायां गेलें नाहीं, असें खुशाल म्हणावें.