आरशाची निगा



सरांच्या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी संकोचलो. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ मी काय बोलावे? परंतु व्यासपीठावरील ही सहा इंची दुर्बीण सरांनी स्वहस्ते घडविलेली आहे. त्यांच्या पश्चात काकूंनी ती माझ्या स्वाधीन केली. आज मी ती शाळेला अर्पण करीत आहे. देताना तिची निगा कशी राखावी हे सांगणे माझे कर्तव्य आहे, आणि तोच आजचा विषय.

न्यूटनने १६६८ साली केलेल्या परावर्तक दुर्बिणीचा आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. अशा आरशांची झळाळी हवेने मंदावे, आणि विल्यम हर्शेलसारख्या ज्योतिर्विदाला ते पुन्हापुन्हा उजळावे लागत. एकोणिसाव्या शतकात काचेवर चांदीचा मुलामा आला, विसाव्या शतकात ॲल्युमिनियमचा. घरातील आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे सुरक्षित असतो. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा मात्र काचेच्या पुढच्या अंगावर, उघडा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी. सारी सावधगिरी यातून उद्भवते.

हे मी शिकलो ते अपराध करून. नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत सरांनी मोठ्या विश्वासाने ही दुर्बीण माझ्याकडे सोपविली. एका रात्री विजेरीच्या झोतात मला आरशावर धूळच धूळ दिसली. तशा झोतात कोणताही आरसा मळकाच दिसतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. वडिलांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने मी तो लख्ख पुसला. सकाळी पाहतो तो सर्वत्र केसासारखे ओरखडे! कापड मऊ होते. पण धुळीतील वाळूच्या कणांनी कानशीचे काम केले होते.

सर रागावले नाहीत. रात्री त्यांनी त्याच दुर्बिणीतून चंद्र दाखविला आणि विचारले, “काल दिसत होता ना? मग पुसलास कशासाठी?” या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही. थोड्या धुळीने प्रकाश किंचित अडतो, एवढेच. ओरखडे तो कायमचा विखुरतात. नोकरी लागल्यावर मी आरशावर नवा मुलामा चढवून घेतला. बहुतेक ओरखडे गेले. काचेपर्यंत पोचलेले दोन-तीन अद्याप आहेत.

म्हणून पहिला नियम असा, की आरसा शक्यतो धुऊच नये. धूळ वाढली तर रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण बसतात. त्यानेही भागले नाही, तर कित्येक वर्षांतून एकदा धुवावा. हातातील अंगठी काढावी. पसरट भांड्यात जाड टॉवेल अंथरून आरसा ठेवावा, त्यावरून कोमट पाण्याची संथ धार सोडावी, मग सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात तो भिजू द्यावा. सोडा वापरू नये. त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ओल्या, स्वच्छ कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्याच वजनाने, एकाच दिशेने ओढावा आणि टाकून द्यावा. पुढच्या फेरीस नवा बोळा. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून आरसा तिरका उभा करावा. उरलेले थेंब टीपकागदाच्या टोकाने टिपावेत, पुसू नयेत. आरसा पुन्हा बसविल्यावर दोन्ही आरशांचा अक्ष जुळवून घ्यावा, अन्यथा तारा ठिपक्यासारखा न दिसता धूमकेतूसारखा फाकतो.

माळव्यात उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल. दुर्बिणीवर दव पडले असेल तर ते सुकल्यावाचून झाकण लावू नये. कोंडलेल्या ओलीत बुरशी धरते. नेत्रिकेवर बोट टेकवू नये. आणि सूर्याकडे ही दुर्बीण कधीही रोखू नये. दृष्टी क्षणात जाते.

उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारली; पण ती आज पाहावयास मिळते त्यात १९२३ साली तिची दुरुस्ती करविणाऱ्या माधवराव शिंदे यांचाही वाटा आहे. घडविणारा एक असतो; राखणारे पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासून आला आहे. सरांचा हा आरसा मी आपल्या हाती देतो. तो कपाटात निर्मळ राहण्यापेक्षा गच्चीवर थोडा धुळकट झालेला मला अधिक आवडेल. वर्षभरात मी पुन्हा येईन, तेव्हा तो किती चकाकतो हे पाहणार नाही. त्यातून कोणी काय काय पाहिले, हे विचारीन.