माकडांचं देणं



मी पशुवैद्य. नोकरीची बहुतेक वर्षं परभणी जिल्ह्यातच गेली आणि आता निवृत्तीनंतर सेलूत घरी असतो. जनावरांच्या आजारांवर बोला, असं मला सांगण्यात आलं. लाळ्या-खुरकुतावर मी इतक्यांदा बोललोय की शेतकरी बंधूंना ते पाठ झालं असेल. म्हणून आज एका माणसाच्या आजारापासून सुरुवात करतो. जनावरं पुढे येतीलच.

हा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा सेलूच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. त्यांचं अक्षर टपोरं, मोत्यासारखं. २००८च्या कापसाच्या हंगामात ते बारीक होऊ लागलं. ओळीच्या सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढं, तर शेवटी खसखशीएवढं. मालक म्हणाले, चष्मा बदला. चष्मा बदलला, अक्षर बारीकच राहिलं. मग हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि बोटं गोळी वळल्यासारखी हलू लागली. परभणीला दाखवलं तेव्हा निदान झालं : पार्किन्सन. आपले वैद्य याला कंपवात म्हणतात.

हा साहेबलोकांचाच रोग आहे, असं समजू नका. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यात १४,०१० लोकांमागे ४६ रुग्ण सापडले. त्या समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त, हेही खरं. पण आपल्याकडेही माणसं आता जास्त जगू लागली आहेत.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो. तिथे डोपामिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्या पेशी मरत गेल्या की हालचालीला लगाम बसतो. आता प्रश्न असा की, जिवंत माणसाचा मेंदू उघडून हे सगळं बघायचं कसं? यासाठी प्रयोगशाळेत तोच आजार झालेलं जनावर लागतं. स्वस्त आणि सोयीचा म्हणून पहिल्यांदा उंदीर पुढे येतो. पण या रोगात उंदरानं बऱ्याच वेळा दगा दिला आहे.

१९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज दवाखान्यात आले, ते पुतळ्यासारखे ताठरलेले. बोलता येईना, हलता येईना. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला. चोरून बनवलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं द्रव्य चुकून तयार झालं होतं आणि त्यानं नेमक्या त्याच काळसर पेशी मारल्या होत्या. तेच द्रव्य पांढऱ्या मोठ्या उंदरांना दिलं तर त्यांना फारसं काही होईना. माकडांना दिलं, तर माकडं हुबेहूब पार्किन्सनच्या रोग्यासारखी वाकली, ताठरली, मंदावली. उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर तिथे उघडं पडलं.

पुढचा टप्पा दादांच्या दृष्टीनं महत्त्वाचा. मेंदूत खोलवर मसुरीच्या डाळीच्या आकाराचा एक छोटा पुंजका आहे. त्याला इजा झाली तर माणूस हातपाय वेडेवाकडे फेकू लागतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यामुळे तिथे हात घालायला सगळे भीत. १९९० साली बर्गमन, विखमन आणि डिलाँग या तिघांनी एमपीटीपीनं आजारी केलेल्या माकडांत नेमका तोच पुंजका निकामी केला. माकडांचा ताठरपणा गेला, कंप गेला, ती हिंडू-फिरू लागली. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे डॉ. बेनाबिद विजेच्या झटपट स्पंदनांनी कंप थांबवत होतेच. त्यांनी १९९३ साली माणसाच्या त्या पुंजक्यात तार बसवली. छातीत कातडीखाली बॅटरीची डबी, आणि तिथून मानेतून, कानामागून मेंदूपर्यंत तार. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून केली.

दादांची शस्त्रक्रिया २०१७ साली झाली. त्याआधी गोळ्यांनी आठेक वर्षं चांगली गेली. मग गोळीचा असर दोन तासांतच उतरायला लागला. वहिनी घड्याळाकडे बघूनच सगळी कामं उरकायच्या. खर्च लाखांत होता. वडिलांनी ठेवलेली दोन एकर जमीन विकली. तो निर्णय आम्ही दोघा भावांनी ओसरीवर बसून घेतला, आणि मला अजून त्याचा पस्तावा नाही. डबी सुरू केली त्या दिवशी दादांनी चहाची बशी न सांडता तोंडाला लावली. रोग बरा झालेला नाही, तो आतून पुढे सरकतोच आहे. पण दादा चालतात.

हल्ली अशा संशोधनात मेंढ्याही आल्या आहेत. हंटिंग्टन नावाचा एक आनुवंशिक मेंदूविकार आहे. त्याचा मानवी जनुक घातलेल्या मेंढ्यांची माहिती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केली. मेंढीचा मेंदू मोठा, माणसासारखा घड्यांचा, आणि ती वर्षानुवर्षं जगते, म्हणून सावकाश वाढणारा आजार तिच्यात पाहता येतो. या मेंढ्या वरून ठणठणीतच दिसत राहिल्या, पण त्यांच्या मेंदूत युरिया वाढलेला आढळला. मग रोगाने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर तिथेही तेच. मेंढरू मठ्ठ असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. एक मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते, हे इंग्लंडमध्ये २००१ साली प्रयोगानं सिद्ध झालं. आपल्या धनगर बांधवांना यात काही नवल वाटणार नाही.

हे सगळं मी एकदा दादांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग त्या माकडायला बरं केलं का रे नंतर?’’

मी जनावरांचा डॉक्टर. एवढी वर्षं जनावराचं दुखणं कमी करायचं काम केलं. आणि इथे धडधाकट जनावराला मुद्दाम आजारी करायचं. मी दादांशी खोटं बोललो नाही. अशा प्रयोगात शेवटी बहुधा जनावराला मारतात, मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याशिवाय कुठल्या पेशी मेल्या हे नक्की कळत नाही. आपल्या देशात १९६०चा कायदा आहे, १९९८चे नियम आहेत. मोठ्या जनावरावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या समितीची मंजुरी पुरत नाही, केंद्रीय समितीची लागते. प्रयोगानंतर जनावराच्या सांभाळाचा खर्चही प्रयोगाच्या खर्चातच धरावा लागतो. लाल तोंडाची माकडं आपण एके काळी परदेशी प्रयोगशाळांना मोठ्या संख्येनं पुरवत होतो, ती निर्यात १९७८ साली बंद झाली. हे सगळं मी सांगितलं. माझं मत विचाराल, तर दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि कमीत कमी जनावरं वापरून हे प्रयोग व्हावेत. पण होऊच नयेत, असं मी म्हणू शकत नाही. दादांची बशी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दादा त्यावर काही बोलले नाहीत.

दर शनिवारी ते मारुतीला तेल वाहायला जातात. हल्ली पिशवीत फुटाणेही नेतात आणि देवळामागच्या वानरांना हातानं घालतात. वानरांना असं खायला घालू नका, त्यांना सवय लागते, मग ती अंगावर येतात, चावतात, असं मी पशुवैद्य म्हणून त्यांना अनेकदा बजावलं आहे. ते ऐकत नाहीत.