हाडांतील चुना

गेल्या महिन्यांत माझे एक जुने विद्यार्थी आपल्या १२ वर्षांच्या मुलाच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन मजकडे आले. त्यांत ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ या नांवापुढें मोठा आकडा होता, आणि हाडाच्या कर्करोगांत हा आकडा वाढतो, असें कोणीं तरी त्यांस सांगितलें होतें. मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला मास्तर. डॉक्टरांकडे जा, एवढेंच मीं सांगितलें. परंतु या पदार्थाविषयीं वाचल्यावांचून मला राहवेना.

फॉस्फटेज हें एन्झाइम, म्हणजे स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें रॉबर्ट रॉबिसन यांनीं १९२३ सालीं त्याचा हाडांशीं असलेला संबंध दाखविला. हाड म्हणजे कुडाची भिंतच म्हणाना! अस्थिपेशी आधीं प्रथिनाच्या कामट्या उभ्या करतात. मग त्यांवर कॅल्शियम व फॉस्फेट यांचें लिंपण बसतें. रक्तांत पायरोफॉस्फेट नांवाचा पदार्थ असतो; तो हें लिंपण होऊं देत नाहीं, आणि तें बरेंच आहे, एरव्हीं चुना भलत्याच जागीं सांठेल. हाडांत मात्र हें एन्झाइम पायरोफॉस्फेट फोडतें. अडथळा दूर होतो, आणि फोडलेल्या मालांतून फॉस्फेटहि हातीं येतें.

आतां हें एन्झाइमच औषधानें अडविलें तर? लेव्हामिसोल हें मूळचें जंतांवरील औषध. तें हें काम करतें. प्रयोगशाळेंत ‘साओस-२’ नांवाच्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवीत आले आहेत. त्या १९७३ सालीं ११ वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिकर्करोगांतून घेतलेल्या. त्यांत हें एन्झाइम विपुल असल्यामुळें योग्य खाद्य मिळतांच त्या कांचेच्या बशींतहि चुना सांठवूं लागतात. लेव्हामिसोल घातलें कीं सांठवण घटते. पण निरोगी अस्थिपेशींतहि तेंच घडतें! औषधास एन्झाइम कळतें. पेशी रोगी कीं निरोगी, हें कळत नाहीं. शिवाय चुना सांठणें थांबलें म्हणजे कर्करोगाची वाढ थांबली, असेंहि नव्हे.

हें एन्झाइम ज्यांस जन्मतःच अपुरें असतें, त्या मुलांचीं हाडें मऊ राहतात, दुधाचे दांत अकालीं पडतात. हायपोफॉस्फटेशिया हें त्या रोगाचें नांव १९४८ सालचें. तेथें एन्झाइम टोंचून द्यावें लागतें. तसें औषध २०१५ सालीं मान्य झालें.

दुसरें औषध झोलेड्रॉनिक ॲसिड. तें हाड झिजविणाऱ्या पेशींतील निराळें एन्झाइम अडवितें. हाडें ठिसूळ झालेल्यांस तें उपयोगी पडतें. अस्थिकर्करोगाच्या नेहमींच्या उपचारांस त्याची जोड देऊन फ्रान्समध्यें मोठी चांचणी झाली. प्रयोगशाळेंत आशा वाटली होती. २०१६ सालीं निष्कर्ष आला कीं रोग्यांस त्याचा लाभ झाला नाहीं.

त्या मुलाचें विचाराल तर, वाढत्या वयांत हाडें जोरानें घडत असतात, म्हणून हा आकडा प्रौढांपेक्षां स्वभावतःच मोठा असतो. हाड दुखत असतें, सूज असती, तर गोष्ट निराळी. डॉक्टरांनीं तीं पाहिलीं, वयाचें कोष्टक काढून दाखविलें, आणि बापाच्या जिवांत जीव आला. मुलगा म्हणे वर्षभरांत चार बोटें उंच झाला आहे.