लघुपट आणि कार्यकर्ता

(पाली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



राजगडच्या पायथ्याशी जमलेल्या आपल्यापुढे मी चित्रपटांविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. आपल्या शिबिरांत चित्रपट असतो, नाही असे नाही. पण तो रात्री, जेवणे आटोपल्यावर, आणि बहुधा माणसे बसून राहावीत म्हणून. खरे काम भाषणांचे, अशी आपली समजूत. या समजुतीशी माझे भांडण आहे. त्यासाठी आनंद पटवर्धन यांच्या लघुपटांचा आधार घेतो.

अच्युतराव पटवर्धनांचे ते पुतणे. येथील ज्येष्ठांना एवढी ओळख पुरेल. चित्रपटांना मात्र घराण्याच्या शिफारशीची गरज नाही. कॅमेरा, संकलन, निर्मिती पुष्कळदा एकाच माणसाकडे, आणि काय दाखवावे हे सांगणारा मालक डोक्यावर नाही, हे त्यांचे स्वातंत्र्य.

१९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाशजींच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. ४ नोव्हेंबरच्या पाटण्यातील मोर्चाचे चित्रण पटवर्धनांनी व त्यांच्या मित्राने साध्या, हौशी लोकांच्या सुपर-८ कॅमेऱ्याने केले. ती चित्रे पडद्यावर टाकून मोठ्या फिल्मवर पुन्हा टिपली गेली. ‘क्रांती की तरंगें’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट पुरा होतो न होतो, तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मग प्रत कापून, तुकड्यातुकड्यांनी परदेशी पाठविण्यात आली आणि तेथे पुन्हा जोडण्यात आली. वृत्तपत्रांची तोंडे बांधली गेली असताना ही दृश्ये तेवढी निसटली.

दुसरा चित्रपट १९९६ चा, ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’. लांबी अवघी बावीस मिनिटे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची कहाणी आपण संपाच्या अपयशापाशी थांबवतो. हा चित्रपट त्यानंतरचा आहे. चार वर्षे टाळे लागलेल्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलमध्ये कामगार घुसतात आणि ती ताब्यात घेतात. शीर्षकातील इंग्रजी शब्दाचा एक अर्थ व्यवसाय, दुसरा ताबा. दोन्ही येथे लागू. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, पण तो कामगार स्वतःच्या तोंडाने बोलताना आजही पाहता येतो. आमच्या ठरावांत तो नेहमी ‘कामगारवर्ग’ असतो. येथे त्याला चेहरा आहे.

यांत बाजू घेतलेली आहे, असा आक्षेप येतो. घेतलीच आहे, आणि ती लपविलेली नाही. दूरदर्शनने त्यांचे चित्रपट नाकारले, तेव्हा ते न्यायालयात भांडले; २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका चित्रपटाच्या प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला. पण निकालाने प्रेक्षक मिळत नाहीत. ते आपण मिळवायचे.

तेव्हा सूचना अशी. सिमंतिनी धुरू यांच्यासह केलेली, १९९५ ची ‘नर्मदा डायरी’ येथे दाखवावी. मणिबेली येथून दूर, पण गुंजवणीचे धरण याच तालुक्यात आहे. चित्रपट संपताच पहिला शब्द व्यासपीठावरून येऊ नये. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी, त्यांतही बायांनी आधी बोलावे. अध्यक्षीय समारोप त्या रात्रीपुरता वगळावा. अध्यक्षांची हरकत नसेल, असे मी गृहीत धरतो.